फुले काढण्याचा हक्क : कृष्णाजी हौलाजी आरा

१९८७ सालची गोष्ट आहे. मी तेव्हा परळच्या एका शाळेत चित्रकला शिकवीत होतो. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेला गिरणी कामगारांचा संप मागे घेतल्याचे कुणी कधी जाहीर केले नव्हते. पण आपण हरलो आहोत हे लालबाग-परळच्या घराघराला कळून चुकले होते. वर्गातल्या कितीतरी मुलांचे बाप घरी बसून होते. कुणी गावी परत गेले होते, कुणी भाजीची गाडी लावली होती. अशा दिवसांत चौदा एप्रिलला आमच्या नायगावच्या चाळीत मुलांच्या चित्रांचे प्रदर्शन भरवायचे ठरले आणि चित्रे निवडण्याचे काम माझ्याकडे आले.

लालबागचा एक मुलगा चित्र घेऊन आला. डालड्याच्या डब्यात लावलेली सदाफुली त्याने काढली होती. चाळीच्या गॅलरीचा कठडा, त्यावर तो डबा, मागे काळवंडलेली भिंत. मुलाचा हात चांगला होता. डब्याचा पिवळा रंग कुठे उडाला आहे, तेही त्याने पाहून काढले होते. मी त्याला म्हणालो, "फुलं कसली काढतोस? हे आपलं काम आहे का? आपलं दुःख काढ, आपला लढा काढ." तो "बरं, सर" म्हणाला आणि चित्राची गुंडाळी करून निघून गेला. त्या वर्षी तो इंटरमिजिएटच्या परीक्षेला बसला नाही. वर्गात येत राहिला, सांगितलेले तेवढे काढत राहिला. स्वतःहून काढलेले चित्र त्याने मला पुन्हा दाखवले नाही.

आपण चळवळीचेच काम केले असे मला तेव्हा वाटले होते. ते तसे नव्हते, हे कळायला मला एका चित्रकाराचे आयुष्य वाचावे लागले. त्या चित्रकाराचे नाव कृष्णाजी हौलाजी आरा. हे नाव मला अपरिचित होते असे नाही. चित्रकला शिकलेल्या माणसाच्या कानावरून ते जातेच : १९४७ सालचा प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप, आणि त्या गटातला फुलदाण्या काढणारा तो आरा. हा माणूस कुठून आला होता, हे मात्र मला कुणी शिकवले नव्हते आणि मीही कुणाला विचारले नव्हते.

आरा १९१४ साली सिकंदराबादजवळच्या बोलारम येथे जन्मले. वडील मोटारचालक होते. आई तीन वर्षांच्या मुलाला मागे ठेवून गेली. वडिलांनी दुसरे लग्न केले आणि सातव्या वर्षी हा मुलगा घर सोडून मुंबईस आला. सात वर्षांचे पोर या शहरात एकटे कसे जगते, हे आपल्याला पुस्तकात वाचण्याची गरज नाही. आरा इंग्रजांच्या घरी घरगडी म्हणून राहिले, मोटारी धुऊ लागले. शाळा अशी फारशी झालीच नाही. चित्रे काढण्याचा नाद मात्र लागला होता आणि तो काम करता करताच चालू राहिला. अलीकडच्या कलाविषयक लिखाणात आरांचा उल्लेख दलित समाजातून आलेला चित्रकार असा केलेला आढळतो. आपल्या नियतकालिकांतून, आपल्या व्याख्यानांतून तो उल्लेख माझ्या कानावर कधी आला नाही.

१९३० हे साल इथे थांबून पाहण्यासारखे आहे. २ मार्च १९३० रोजी बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली नाशिकला काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. त्यानंतर दहाच दिवसांनी, १२ मार्चला, गांधीजी साबरमतीहून दांडीला निघाले. एका लढ्यात माणसे देवळाच्या दाराशी उभी होती, दुसऱ्यात मिठासाठी समुद्राकडे चालली होती. सोळा वर्षांचे आरा मिठाच्या सत्याग्रहात गेले आणि त्यांना पाच महिन्यांचा तुरुंगवास झाला. त्यांनी नाशिकचा रस्ता का धरला नाही, असा जाब त्यांना विचारण्यात अर्थ नाही. गिरगाव चौपाटीवर मीठ काढणाऱ्यांची गर्दी होत होती आणि त्या गर्दीत जाताना मालकाच्या घरी मोटारी धुणाऱ्या मुलाला आपण कुणाचे तरी आहोत असे वाटले असेल, तर त्याला दोष कोण देणार? मात्र एक गोष्ट नोंदवून ठेवली पाहिजे. ज्या स्वातंत्र्यासाठी हा मुलगा तुरुंगात गेला, ते मिळाल्यावर त्याच्या वाट्याला पहिला नकार कसला आला, ते पुढे येईलच.

तुरुंगातून सुटल्यावर आरांनी एका जपानी कंपनीत मोटारी धुण्याचे काम धरले. डिसेंबर १९४१ मध्ये जपानने पर्ल हार्बरवर हल्ला केला, जपान शत्रुराष्ट्र ठरले आणि कंपनीचा इथला कारभार बंद पडला. नोकरी गेली, पण राहण्याची छोटीशी खोली टिकली. ती वाळकेश्वरला होती. गिरगाव चौपाटी ओलांडून टेकडी चढली की श्रीमंतांचे वाळकेश्वर लागते, हे मुंबईकराला सांगायला नको. त्या बंगल्यांच्या वस्तीत नोकरमाणसाच्या वाट्याला येते तेवढी ती खोली. तिथेच आरा राहिले, तिथेच त्यांनी रंग कालवले.

त्यांना ओळखले कुणी? रुडॉल्फ फॉन लायडन यांनी. हे जर्मन गृहस्थ टाइम्स ऑफ इंडियात कलासमीक्षा लिहीत. त्यांच्याबरोबर व्हिएन्नाहून आलेले चित्रकार वॉल्टर लँगहॅमर होते. हिटलरच्या राजवटीमुळे युरोप सोडून आलेली ही मंडळी. त्यांच्या मदतीने आरा काही काळ केतकरांच्या कलासंस्थेत शिकले. १९४२ साली त्यांचे पहिले एकल प्रदर्शन झाले, आणि १९४४ साली त्यांना गव्हर्नरचे पारितोषिक मिळाले. आपल्या देशातल्या कलेच्या दरबाराने ज्याच्याकडे पाहिले नाही, त्याला दुसऱ्या देशातून हाकललेल्या माणसांनी ओळखले. यात योगायोगाचा भाग असेल. पण ज्याला आपल्या घरातून बाहेर काढले आहे त्याची नजर दाराबाहेर उभ्या असलेल्याकडे लवकर जाते, हेही खरे आहे.

त्या काळी आरांच्या चित्रांत भिकारी होते, वेश्या होत्या, जुगारी होते. ते ज्यांच्यात वावरले ती माणसे होती. मग स्वातंत्र्य आले. आरांनी स्वातंत्र्यदिनाच्या मिरवणुकीचे एक भलेमोठे चित्र काढले आणि बॉम्बे आर्ट सोसायटीकडे पाठवले. १८८८ साली स्थापन झालेली ही सोसायटी म्हणजे मुंबईच्या चित्रकलेचा दरवाजा. दरवाजा उघडला नाही. चित्र नाकारले गेले. मिठासाठी पाच महिने तुरुंगात काढलेल्या माणसाने काढलेली स्वातंत्र्याची मिरवणूक प्रदर्शनात लावण्याजोगी ठरली नाही!

या नकाराचा संताप हे प्रोग्रेसिव्ह गट जन्मण्याचे एक कारण झाले. फ्रान्सिस न्यूटन सोझा, सय्यद हैदर रझा आणि आरा या तिघांनी गट काढायचे ठरवले. प्रत्येकाने आणखी एकाला आणायचे होते. सोझांनी मकबूल फिदा हुसेन यांना आणले, रझांनी हरी अंबादास गाडे यांना, आणि आरांनी शिल्पकार सदानंद बाकरे यांना. सोझा गोव्याचे ख्रिस्ती, चले जाव चळवळीच्या काळात जे. जे. स्कूल ऑफ आर्टमधून काढून टाकलेले. हुसेन सिनेमाची पोस्टरे आणि मोठे फलक रंगवून पोट भरलेले. भारताच्या आधुनिक चित्रकलेचा इतिहास याच गटाच्या नावाने सांगितला जातो. १९४९ साली मुंबईत त्यांचे प्रदर्शन झाले. त्याच वर्षी सोझा लंडनला गेले, १९५० मध्ये रझा पॅरिसला, पाठोपाठ बाकरे इंग्लंडला. आरा मुंबईतच राहिले. पुढे बाकीच्यांची चित्रे कोटींच्या भावाने विकली गेली. आरांच्या चित्रांना त्या मानाने फार कमी किंमत येते. किंमत हा कलेचा निकष नव्हे, पण इतिहासात कोणाला किती जागा मिळते याचा तो पुरावा असतो.

आता मूळ प्रश्न. खालून आलेल्या या माणसाने नंतरच्या काळात काय काढले? फुलदाण्या, फुले, फळे, सुरया, भांडी. आणि साठच्या दशकात, काळ्या रंगातल्या नग्न स्त्रिया. मी लालबागच्या मुलाला जो प्रश्न विचारला तोच आरांनाही विचारता येईल : वेदना कुठे आहे? विद्रोह कुठे आहे?

मी हा प्रश्न बरीच वर्षे मनात बाळगला. हळूहळू मला तो प्रश्नच अपुरा वाटू लागला. घरगडी रोज फुलदाणी पुसतो. तिचा काठ किती पातळ आहे, तिच्यात पाणी कुठपर्यंत आहे, उजेड पडला की तिची सावली टेबलावर कशी लांबते, हे त्या घरात त्याच्याइतके कुणालाच ठाऊक नसते. पण फुलदाणी त्याची नसते. ती पाहण्याचा, तिच्यासमोर स्वस्थ बसण्याचा अधिकार त्याला नसतो. हातातून निसटली तर पगार कापला जाईल एवढाच त्याचा तिच्याशी संबंध. आरा कागदासमोर बसले तेव्हा तीच फुलदाणी त्यांनी स्वतःसाठी मांडली. त्यांचा जलरंगही तैलरंगासारखा जाड लागतो. घासूनपुसून नाजूक केलेले ते काम नाही. फुले देठावर जड होऊन बसलेली असतात. दिवाणखान्याच्या शोभेसाठी काढलेल्या चित्रांशी ती ठेवून पाहा, म्हणजे फरक कळतो.

आणखी एक गोष्ट. १९५२ साली आरांना 'टू जग्ज' या चित्रासाठी बॉम्बे आर्ट सोसायटीचे सुवर्णपदक मिळाले. म्हणजे ज्या सोसायटीने त्यांची स्वातंत्र्याची मिरवणूक परत पाठवली, तिनेच त्यांच्या पाण्याच्या दोन भांड्यांना पदक दिले. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर जे घडले ते ज्यांच्या रक्तात आहे, त्या वाचकाला पाण्याचे भांडे ही नुसती वस्तू वाटू शकत नाही. आपल्या बापजाद्यांना ज्या भांड्याला शिवता आले नाही, ते भांडे एक माणूस समोर ठेवतो, त्याच्याकडे तासन् तास पाहतो आणि आपल्या हाताने घडवतो. आरांनी असा विचार करून ते चित्र काढले असे मी म्हणत नाही. तसे म्हणणे म्हणजे आपले म्हणणे त्यांच्या तोंडी घालणे होईल. पण पाहणाऱ्याचाही एक इतिहास असतो आणि तो घेऊनच तो चित्रासमोर उभा राहतो.

नग्न स्त्रियांच्या चित्रांविषयी मला एवढे निःशंकपणे बोलता येत नाही. मराठी घराच्या भिंतीवरच्या कॅलेंडरात देवी गोरी, नायिका गोरी. आरांनी काळे शरीर काढले आणि ते लाजलेले काढले नाही, हे मोठेच काम आहे. पण ज्या समाजातल्या बायकांना देवाच्या नावाने सोडण्यात आले, ज्यांच्या उघड्या अंगावर गावाने मालकी सांगितली, त्या समाजातल्या स्त्रीने या चित्रांसमोर उभे राहून पुरुषाच्या नजरेविषयी प्रश्न विचारला, तर तो ऐकून घ्यावा लागेल. या प्रश्नाचे उत्तर माझ्यासारख्या पुरुषाने घाईघाईने देऊ नये.

आता जरा मुंबईबाहेर पाहू, कारण आपल्या चळवळीनेच आपल्याला तशी सवय लावली आहे. १९५८ साली दादरला पहिले दलित साहित्य संमेलन भरले. अण्णाभाऊ साठे त्यात उभे राहिले. गिरणगावच्या कविता तेव्हा नारायण सुर्वे लिहीत होते. १९७२ साली याच मुंबईत दलित पँथर निघाली आणि तिने नाव घेतले ते अमेरिकेतल्या काळ्या माणसांच्या ब्लॅक पँथर पक्षाकडून. काळ्या लेखकांचे साहित्य आपण वाचले, त्याच्याशी आपले नाते सांगितले. पण त्या पक्षाचा एक चित्रकारही होता, याची चर्चा आपण क्वचितच केली. त्याचे नाव एमरी डग्लस. मुलांच्या सुधारगृहात असताना तो छापखान्याचे काम शिकला. १९६७ सालापासून पक्षाच्या वृत्तपत्राची चित्रे त्याने काढली, आणि ती पाने काळ्या वस्त्यांच्या भिंतींवर चिकटवली जात. वृत्तपत्र वाचू न शकणाऱ्यालाही ती चित्रे वाचता येत.

त्याच देशात त्याच्या आधी होरेस पिपिन होऊन गेला. १८८८ चा जन्म. पहिल्या महायुद्धात काळ्या सैनिकांच्या पलटणीत लढताना उजव्या खांद्याला गोळी लागली आणि तो हात निकामी झाल्यासारखा झाला. कलाशाळेत न गेलेल्या या माणसाने डाव्या हाताने उजव्या हाताला आधार देत चित्रे काढली. त्याने युद्ध काढले, गुलामगिरीविरुद्ध हत्यार उचलणाऱ्या जॉन ब्राउनला फाशी द्यायला नेतात ते काढले, वंशद्वेषावर चित्र काढले. आणि त्याच हाताने फुलदाण्याही काढल्या. त्याच्या फुलांमुळे त्याचा जॉन ब्राउन खोटा ठरत नाही. अमेरिकेतल्या काळ्या माणसांनी डग्लसलाही आपला म्हटले आणि पिपिनलाही. आपल्याकडे डग्लस झाला नाही अशी खंत आपण करतो, पण जो पिपिन आपल्या शहरात वाळकेश्वरच्या खोलीत रंग कालवीत होता, त्याच्या दारावर आपण थाप मारली नाही. दादरहून वाळकेश्वर काही लांब नाही.

आरांचा प्रभाव कशात आहे, असे मला कुणी विचारले तर मी त्यांच्या शैलीचे नाव आधी घेणार नाही. त्यांच्यासारखी चित्रे काढणारी परंपरा निर्माण झाली, असे झाले नाही. त्यांचा प्रभाव एका जागेत आहे. काळ्या घोड्याजवळच्या रॅम्पार्ट रोवर आर्टिस्ट्स सेंटर नावाची संस्था उभी राहिली. तिच्या संस्थापकांत आरा होते, तिचे चिटणीस म्हणून त्यांनी दीर्घकाळ काम केले. ज्याला कुणी ओळखत नाही, ज्याच्यामागे पैसा नाही, अशा नवख्या चित्रकाराला भिंत मिळावी, त्याची चित्रे चार माणसांनी पाहावीत, यासाठी ते खपले. प्रोग्रेसिव्हांपैकी परदेशी गेलेल्यांनी कीर्ती मिळवली. मागे राहिलेल्याने दार उघडे धरले. ज्याला स्वतःला दारातून परत पाठवले होते त्यानेच ते धरावे, यात नवल नाही. ३० जून १९८५ रोजी मुंबईतच त्यांचे निधन झाले.

आरांच्या मर्यादा झाकून त्यांचा पुतळा उभारावा असे मी सुचवीत नाही. जात हा विषय त्यांच्या चित्रांत थेट आलेला दिसत नाही. ते काम पुढे इतरांनी केले. नागपूरच्या सवी सावरकरांनी देवदासी काढली, गळ्यात मडके आणि कमरेला झाडू बांधलेला अस्पृश्य काढला, आणि ज्या गोष्टी चित्रात येत नाहीत असे कलाशाळा मानत होती त्या चित्रात आणल्या. ही चित्रे आपल्याला हवीच आहेत. पण सावरकरांचे चित्र खरे ठरण्यासाठी आराचे फूल खोटे ठरवावे लागत नाही. आपल्यावर एक विषय लादला गेला होता : घाण. ती आम्ही उचलायची. त्या जागी आपणच आपल्या मुलांवर दुसरा एकच विषय लादला : दुःख. ते तुम्ही काढायचे. सगळे जग ज्याला विषय म्हणून मोकळे असते तो माणूस, आणि ज्याला एकच विषय नेमून दिलेला असतो तो माणूस, यांच्यात जे अंतर आहे तेच तर आपल्याला मोडायचे होते.

२०१८ साली न्यूयॉर्कच्या एशिया सोसायटीत प्रोग्रेसिव्ह गटाचे मोठे प्रदर्शन भरले. त्या निमित्ताने जे लिहिले गेले त्यात या गटात मुसलमान होते, ख्रिस्ती होते, दलित होता, ही गोष्ट ठळकपणे मांडली गेली. न्यूयॉर्कला जे दिसले ते परळला दिसले नाही, याची लाज मला वाटते. कारण परळला शिकवणारा मी होतो.

शिक्षक आणि कार्यकर्ते असलेल्या वाचकांना माझे सांगणे थोडके आहे. लालबागला गणपतीच्या कारखान्यांत मूर्तींचे डोळे रंगवणारे हात, गिरगावात दुकानांच्या पाट्या लिहिणारे हात, सहा डिसेंबरला चैत्यभूमीकडे जाणाऱ्या रस्त्यावर बाबासाहेबांची तसबीर मांडून बसणारे हात, यांतले कितीतरी आपले आहेत. त्यांची नावे कुठे लिहिलेली नाहीत. ती लिहायला घ्या. आणि पुढच्या चौदा एप्रिलला एखादे पोर डालड्याच्या डब्यातली सदाफुली घेऊन आले, तर तिच्याकडे नीट पाहा. डब्याचा रंग कुठे उडाला आहे ते त्याने पाहिले आहे की नाही, तेवढे विचारा आणि चित्र भिंतीवर लावा.

त्या मुलाचे पुढे काय झाले, हे मला आजही कळलेले नाही. मी निवृत्त होऊन बरीच वर्षे झाली. लालबागची ती चाळ पडून तिथे उंच इमारत उभी राहिली. कधी त्या बाजूने गेलो, तर मी अजून वरच्या गॅलऱ्यांकडे पाहतो.